दोन माणसांची आमटी

२०१४ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो आणि जन्मात पहिल्यांदा भर दुपारी घरी बसून होतो.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधं बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या कँटीनचा मी आचारी. आचारी म्हटलं की लोकांना लग्नातला आचारी आठवतो, उघड्या अंगाचा, खांद्यावर पंचा टाकलेला. मी तसला नव्हतो. मला पांढरा कोट होता, टोपी होती, हाताखाली माणसं होती. दुपारच्या पाळीला दोनशे ताटं उठायची. कामगार मला मामा म्हणायचे आणि मॅनेजरसुद्धा मामाच म्हणायचा. गुरुवारी चवळीची उसळ असायची आणि त्या दिवशी कोणी खाडा करत नाही, असं टाइम ऑफिसवाला मला स्वतः सांगायचा. भोंगा वाजला की माणसं बाहेर पडायची, त्यांच्या कपड्यांना औषधाचा कडवट वास असायचा, आणि माझ्या दारात आली की त्यावर फोडणीचा वास चढायचा. त्या दोन वासांची जी भेळ व्हायची ती अजून कधीतरी नाकात येते, आणि मग दिवसभर करमत नाही.

कारखाना गेला. यंत्रं ट्रकांवर चढवून दुसऱ्या राज्यात नेली, जागा विकली. आता तिथे काचेची इमारत आहे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा असतो. मी घरी बसलो. बसलो म्हणजे भांडलो. टीव्हीशी, शेजाऱ्याशी, गळक्या नळाशी. शेवटी बायको म्हणाली, "जरा भायर फिरान येवा, नायतर मी तरी जातंय."

शिक्षण माझं चौथी. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि पावसाळ्यात होडीत बसायला मी तयार नव्हतो. बापाने मारलं, मी गेलो नाही. एकदा नाही म्हटलं की नाही, हा माझा जुना रोग आहे. बाप थकला आणि त्याने मला मुंबईला चुलत्याकडे पाठवून दिलं. चुलता गिरणीत होता. त्याच्या वशिल्याने गिरणीच्या कँटीनमध्ये कपबश्या विसळायला लागलो, आणि तिथून चढत चढत पांढऱ्या कोटापर्यंत आलो. तर असा माणूस मास्तर होईल असं कोणी म्हटलं असतं तर मीच आधी हसलो असतो.

आमच्या गावचा एक जण मरोळ नाक्यामागच्या एका जुन्या सोसायटीत वॉचमन होता. तो म्हणाला, "दुसऱ्या माळ्यावर एक रिटायर साहेब आहेत, नवराबायको दोघंच. त्यांना स्वयंपाकाला माणूस पाहिजे. जा ना."

मी म्हटलं, "दोनशे माणसांचा आचारी मी. दोन म्हाताऱ्यांच्या भाकऱ्या थापायला जाऊ?"

"मग घरात बसून काय थापतोयस?"

गेलो. नाही म्हणायला गेलो होतो, पण गेलो.

साहेब विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. उंच, गोरे, घरात असूनही शर्टाची वरची गुंडी लावलेली. बोलणं मोजकं, पण मोठ्याने, कारण त्यांना ऐकू कमी यायचं. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. हिवाळ्यात त्यांच्या बायकोला झटका आला होता. उजवी बाजू गेली, आवाज बारीक झाला. तेव्हापासून स्वयंपाकाला दोन बाया येऊन गेल्या, पण वहिनी जेवत नव्हत्या. दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. लग्न झाल्यापासून स्वतःच्या हातचंच खाल्लेली बाई, तिला दुसऱ्याच्या हातचं जाईना. वजन उतरत चाललं होतं. बंगळूरला असलेल्या मुलाने निर्वाणीचं सांगितलं होतं, की पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून येतो. तोवर आई नीट जेवताना दिसली नाही तर दोघांना घेऊन जातो आणि हे घर बंद करतो.

"आणि तिला जायचं नाहीये," साहेब म्हणाले. "तिचं म्हणणं, मेले तरी इथेच."

मला वाईट वाटलं. पण मी म्हटलं, "मी कोणाच्या घरी स्वयंपाकाला राहत नाही."

"मग आलात कशाला?"

"हेच सांगायला."

साहेब तापले. "एवढी ऐट असेल तर शिकवणी काढा ना! शिकवा मला!"

ते टोमणा मारत होते, हे मला कळलं होतं. पण टोमणा मारून मला कोणी गप्प करावं हे मला कधीच चालत नाही. मी म्हटलं, "शिकवतो. उद्यापासून. पण पगार घेणार नाही, फी घेईन."

आतल्या खोलीतून एक बारीक आवाज आला. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, दारातून मला दिसत होत्या. त्या हसत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, यांना आधी गॅस कुठे आहे ते दाखवा."

"काय म्हणाली?" साहेबांनी मला विचारलं.

"या म्हणाल्या उद्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर साहेब डायरी आणि पेन घेऊन तयार. डायरी मी फ्रिजवर ठेवायला लावली. साधं वरण करू म्हटलं. "मोठं पातेलं काढा." त्यांनी सत्यनारायणाला काढतात ते काढलं. मी म्हटलं डाळ घाला, त्यांनी विचारलं किती, मी हाताने दाखवलं. साहेबांनी निमूट डबा उपडा केला. आता हे मी कसं सांगू? हात माझा चाळीस वर्षं एकाच मापाचा झालेला. दोनशे माणसांना डाळ किती, मीठ किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दोन माणसांना किती, हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं, आणि मला येत नाही हेसुद्धा त्या क्षणापर्यंत मला माहीत नव्हतं. घरी मी कधी चूल पेटवली नाही. दिवसभर भट्टी आणि घरी आल्यावर बायकोच्या हातचं, असा माझा कायदा होता.

त्या दिवशी वॉचमनने वरण नेलं, तिसऱ्या माळ्याने नेलं, समोरच्या बाईने "आज काय आहे तुमच्याकडे?" म्हणून विचारत दोन डबे नेले. वहिनींनी एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "मास्तर, समुद्र आटवला का?" मीठ. दोनशेच्या हिशोबातलं मीठ.

"काय म्हणाली?"

"खारट झालंय म्हणतात थोडं."

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना दोन चमचे तेल घालायला सांगितलं आणि सवयीने कोथिंबीर धुवायला बेसिनकडे वळलो. कँटीनमध्ये अर्धा डबा तेल तापायला मोठा वेळ लागायचा, तेवढ्यात मी सगळं चिरून यायचो. दोन चमचे तेल! मी नळ बंद करायच्या आत घर धुराने भरलं. मोहरी कोळसा, साहेब खोकतायत, खिडकी उघडता उघडत नाही. आतून वहिनी म्हणाल्या, "फायर ब्रिगेडला बोलवा, निदान ती माणसं तरी काही शिकवतील."

"काय म्हणाली?"

मी जळकी कढई नळाखाली धरली. माझी पार वाट लागली होती. साहेब खिडकीपाशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. नव्याने सुरू झालेली मेट्रो पलीकडून जात होती आणि ते तिच्याकडे असे बघत होते की उडी मारून तिच्यात बसावं. मला ती नजर ओळखीची वाटली. लहान पोराला काही जमलं नाही तर ते हसतं किंवा रडतं, आणि पुन्हा करतं. साठी उलटलेल्या माणसाला जमलं नाही तर तो दार शोधतो. मीसुद्धा शोधतच होतो. उद्यापासून येणार नाही असं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात साहेब वळून म्हणाले, "सहा आठवडे आहेत, मामा." मामा त्यांना वॉचमनने सांगितलं असणार. मी तोंड मिटलं.

घरी गेलो आणि आयुष्यात न केलेली गोष्ट केली. संध्याकाळी बायको स्वयंपाकाला लागली तेव्हा तिच्या ओट्याजवळ स्टूल ओढून बसलो. हातात पेपर घेतला होता, पण ती काय अशी तशी फसणारी नव्हे.

"आज सूर्य खंयसून उगावलो?"

"पेपर वाचतोय."

"उलटो धरून?"

मग सगळं सांगावं लागलं. ती पोट धरून हसली. "घरात कधी चायचो कप धुवक नाय, आणि लोकांका शिकवक चललात!" हसून झाल्यावर मात्र ती रोजच्यासारखी कामाला लागली. मी तिच्या हाताकडे टक लावून बघत राहिलो, तर दोन मिनिटांत तिने पळी आपटली. "असा बघत बसलात तर माझा मीठ चुकता. तकडे तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बायकोशी भांडून शहाणा झालेला माणूस मी अजून पाहिला नाही.

आणि तेव्हा मला ऐकू आलं. कँटीनमध्ये एक्झॉस्टचा पंखा, भट्टीची घरघर, भांड्यांची आदळआपट, त्यात माणसाचा आवाज ऐकू येत नाही, मोहरीचा कुठून येणार? इथे एकेक गोष्ट वेगळी ऐकू येत होती. तेल तापताना आधी काहीच नाही. मग एक दाणा तडतडला, मग दोन, मग सगळे एकदम, आणि ते ओसरायला लागले की तिने हिंग टाकला. लसूण पडली तेव्हा आवाज वर गेला आणि हळूहळू खाली बसला. खाली बसला तशी तिने डाळ ओतली, आणि मोठा फस्स झाला. त्यानंतरचं उकळणं आधी भरभर, मग जड. मला पाठमोरं बसूनच कळलं की डाळ जमली. तिने मीठ टाकलं ते मात्र ऐकू आलं नाही, म्हणून विचारलं, "किती?"

"माझ्या हातान इतक्या," ती म्हणाली. "तुमचो हात मोठो. अर्धा घ्या." मग झाकण ठेवत म्हणाली, "आणि घालून झाला की चव घ्या. कँटीनात तुमी चव घेवचात नाय, माका ठाव आसा. रुबाब."

खरं होतं. मी चव घेत नसे. चव घेणारा आचारी मला कच्चा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, "तुमचं कानातलं मशीन कुठे आहे?"

"कपाटात. त्याने डोकं दुखतं."

"घालून या."

"स्वयंपाकाला मशीन कशाला?"

"मोहरी ऐकायला."

ते मला वेडा समजले असतील. पण मशीन घालून आले. मी सगळं सामान लहान वाट्यांत काढून ओट्यावर ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाठ करून उभा राहिलो. म्हटलं, "मी बघणार नाही. तुम्ही करा. मी ऐकतो, तुम्हीही ऐका. आवाज बदलला की हात हलवायचा."

पाठ केली आणि साहेबांचे हात सुटले. आधी मी बघत असताना ते चमचासुद्धा परीक्षेला बसल्यासारखा धरायचे. आता त्यांनी एकदा काहीतरी पाडलं, स्वतःशीच इंग्रजीत शिवी दिली, उचललं, पुढे चालू. तडतड झाली. मी म्हटलं, "ऐकलंत?" ते म्हणाले, "ऐकलं!" लहान मुलासारखे ओरडले. तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "मोहरीसाठी घातलं मशीन. माझ्यासाठी नाही घातलं कधी."

आणि साहेबांनी मला "काय म्हणाली" असं विचारलं नाही. त्यांनी गॅस बंद केला, मी न सांगताच, आणि आत गेले. मी दारातच उभा होतो, पण आता पाठ त्या दोघांकडेही होती. ते काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. बराच वेळ बोलले. डाळ गार झाली.

त्यानंतर मशीन कपाटात गेलं नाही. डोकं दुखायचं, तरी नाही. आणि वहिनी बोलायला लागल्या. इतके महिने ऐकणारं कोणी नव्हतं म्हणून गप्प होत्या, आता थांबेनात. त्यांची चाकाची खुर्ची आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आणून लावायचो. माझा तास होता खरा, पण तासात दोन मास्तर झाले. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोबी, मुगाची खिचडी इथवर मी आणलं. मग वहिनी म्हणाल्या, "आता आमटी." गूळ-आमसुलाची, गोड्या मसाल्याची, त्यांच्या घरातली. ती मला येत नव्हती. आमच्याकडे असली आमटी करत नाहीत, आणि मी ते तोंडावर सांगून टाकलं. "वहिनी, ही तुम्ही शिकवा. मी फक्त यांना उभं कसं राहायचं ते शिकवतो."

"बरं झालं, काहीतरी येत नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसांतले सकाळचे ते दोन तास. खिडकीतून समोरच्या झाडाची सावली ओट्यावर यायची, खाली भंगारवाला ओरडत जायचा, साहेब चष्मा कपाळावर ढकलून आमसुलं मोजायचे आणि वहिनी म्हणायच्या, "मोजू नका हो, ते काही प्रीमियम नाहीत." मी दारात पाठ करून उभा. कारखाना सुटल्यापासून सकाळी कुठेतरी वेळेवर पोचायचं आहे म्हणून दाढी करायचं माझं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं. ती बिल्डिंग आता नाही. पाडली, टॉवर झाला. वहिनी त्याआधीच गेल्या, पण त्या घरातूनच गेल्या. साहेब त्यांच्यामागून थोडे दिवस राहिले. मी तिथून जातो तेव्हा त्या टॉवरकडे बघत नाही. पण स्वयंपाकघर कुठे असेल याचा अंदाज मात्र दरवेळी करतो.

आमटी आठ दिवस बिघडली. कधी आंबट, कधी पाण्यासारखी. वहिनी चाखायच्या आणि खरं ते सांगायच्या. दोनाचे चार घास झाले होते, पण पूर्ण वाटी अजून संपत नव्हती. आणि ऑगस्ट उजाडला.

मुलगा आला. पाठीवर बॅग, हातात फोन, चांगला माणूस, पण घाईतला. आईला बघून त्याचा चेहरा पडला. "आई, अगं काय झालीयस?" मग मला पाहिलं. "हे कोण?"

"यांचे मास्तर," वहिनी म्हणाल्या.

"बाबा, सिरीयसली? तुम्ही आचारी ठेवलाय आणि सांगताय की तुम्ही स्वयंपाक करता?"

साहेब चष्मा पुसायला लागले. मान खाली. मला राग आला. मी म्हटलं, "साहेबांनी आचारी ठेवला असता तर जेवण बरं झालं असतं. आता जे होईल ते यांच्याच हातचं."

वहिनींनी लगेच निर्णय दिला. "मास्तर, तुम्ही बाहेर बसा. याच्या शेजारी. याच्या डोळ्यांसमोर."

म्हणजे मी हॉलमध्ये सोफ्यावर मुलाच्या बाजूला, स्वयंपाकघराकडे पाठ. वहिनींची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात. आत साहेब एकटे. मुलगा फोन बघत होता, पण बघत नव्हता. मी कान लावून बसलो.

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बटाट्याची भाजी झाली, तिचा वास आला. मग तेल. मग काहीच नाही. मग एक दाणा, दोन, सगळे एकदम. आवाज ओसरला. आता हिंग, आता हळद, आता डाळ. पण फस्स झाला नाही. मी वाट बघतोय, फस्स नाही. तेलाचा आवाज बारीक आणि कोरडा व्हायला लागला. म्हणजे साहेब गोठून उभे होते. मुलगा घरात, बायकोचं सगळं यावर, आणि माणसाचा हात अडकला. माझे गुडघे आपोआप उठायला लागले. मी सोफ्याची कड पकडून बसलो. मी उठलो असतो तर सगळं माझ्या नावावर गेलं असतं.

दारातून वहिनी म्हणाल्या, नेहमीच्या त्या बारीक आवाजात, हॉलमध्ये जेमतेम पोचेल एवढ्याच, "अहो, गॅस बारीक करा. डाळ तुमच्या डाव्या हाताला आहे."

आणि फस्स झाला.

मुलाने फोन खाली ठेवला. "बाबांना ऐकू आलं?" तो मला विचारत होता. "आई एवढ्या हळू बोलली, आणि त्यांना ऐकू आलं?"

"रोज येतं," मी म्हटलं.

तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. मी गेलो नाही.

पोळ्या बाहेरून आणल्या होत्या. सहा आठवड्यांत पोळी शिकवणारा मास्तर अजून जन्मायचाय. साहेबांनी ताटं वाढली. भात, त्यावर आमटी, भाजी, काकडीची कोशिंबीर. वहिनींनी डाव्या हाताने चमचा उचलला. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि म्हणाल्या, "गूळ जास्त झालाय."

साहेब पडल्या चेहऱ्याने बघत राहिले.

"सासूबाई अशीच करायच्या. जन्मभर मला ऐकवलंत, आईसारखी होत नाही म्हणून. घ्या, झाली एकदाची. तुमच्याच हातून झाली." आणि वाटी पुढे केली. "वाढा. बघताय काय?"

वाटी दोनदा भरली. भातही घेतला. मुलगा जेवायचा थांबून आईकडे बघत होता. मी पानावरची काकडी चावत खाली बघत होतो, कारण वर बघितलं असतं तर साहेबांच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं असतं.

हात धुऊन मुलगा म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत बघू."

"दिवाळीला तू इकडे ये," वहिनी म्हणाल्या. "फराळ मिळणार नाही. आमटी मिळेल."

तो हसला. त्याने येण्याआधीच काढून ठेवलेली परतीची तीन तिकिटं होती, त्यातली दोन तिथेच फोनवर रद्द केली. आईला दाखवून केली. मग वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला, ते मला आवडत नाही, मी पाय मागे घेतले.

संध्याकाळी मी खाली उतरलो तर गेटजवळच्या बाकावर सोसायटीतले तिघे निवृत्त बसलेले. वॉचमनने बातमी आधीच पोचवली होती. त्यातला एक शाळामास्तर होता, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. दुसऱ्याची सून परदेशी गेलेली. तिसरा म्हणाला, "माझी बायको ठणठणीत आहे, पण मला रोज सांगते की तुम्ही एक दिवस उपाशी मराल. मला तिला एकदा चहा करून द्यायचाय, नीट."

"तुम्ही आम्हाला शिकवाल का?" शाळामास्तरांनी विचारलं. त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं, त्यामुळे विचारताना त्यांचा आवाज जरा अडखळला. ते माझ्याकडे न बघता गेटाकडे बघत होते.

मी त्यांच्या आणि गेटाच्या मधे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "उद्या सकाळी सात, भाजीबाजारात. पिशव्या घेऊन या."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चार इद्यार्थी? मग आता आमचो चाय कोण करतलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. दोन कप, चव घेऊन. तिने प्यायला आणि काही बोलली नाही, म्हणजे बरा झाला. मग दाढी करून मरोळच्या भाजीबाजारात गेलो. चौघे आधीच येऊन उभे होते, साहेबसुद्धा, कानात मशीन घालून. मी म्हटलं, "कोथिंबीर घ्या." शाळामास्तर भाजीवालीपाशी गेले, बराच वेळ निरखून बघितलं आणि शेपूची मोठी जुडी उचलली. भाजीवालीने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्याने गप्प राहायला सांगितलं. त्यांनी जुडी पिशवीत टाकली, ताठ मानेने. साहेबांच्या घरी गेल्यावर मी ती जुडी शाळामास्तरांच्याच हातात दिली, त्यांना ओट्याशी उभं केलं आणि निवडायला लावली. ही कोथिंबीर नव्हे, हे वासच सांगेल.